सासूबाई, तरफ आणि गाडीचं डावं दार

आमच्या गाडीचं पुढचं डावं दार नीट बंद होत नव्हतं, आणि त्याला माझ्या सासूबाई कारणीभूत आहेत हे मी कागदावर सिद्ध करून दाखवलं होतं.

आकृतीसकट! मी सिल्वासात मराठी माध्यमाच्या शाळेत एकोणीस वर्षं विज्ञान शिकवतो, आणि विज्ञान शिकवणाऱ्या माणसाला दोन वाईट सवयी लागतात. एक म्हणजे घरातही खिशात खडू सापडणं. दुसरी म्हणजे कुणी काही विचारलेलं नसताना उत्तर देणं. ती आकृती या दुसऱ्या सवयीतून जन्माला आली.

माझी बायको नीता इथेच सरकारी कचेरीत आहे. तिचं माहेर चोपड्याचं, माझं गाव गुहागरकडचं. त्यामुळे आमच्या स्वयंपाकघरात ओलं खोबरं आणि दाण्याचं कूट यांचं अठरा वर्षं भांडण चालू आहे. (कूट पुढे आहे.) गेल्या फेब्रुवारीत तिच्या आई आमच्याकडे महिनाभर राहायला आल्या. मध्ये गुडघ्याचं ऑपरेशन झाल्यामुळे चार वर्षं त्यांना प्रवास झेपत नव्हता. नीताने त्यांच्यासाठी नवी गादी भरून घेतली होती, बाथरूममध्ये धरायला दांडी बसवली होती आणि मला रोज सकाळी बजावत होती, "आईला काही बोलू नका हं." मी दुखावून विचारायचो, "मी कशाला काय बोलेन?"

आठवडाभर खरंच काही बोललो नाही. उलट आमचं चांगलं जमलं होतं. त्या मला जुन्या गोष्टी सांगायच्या, मी त्यांना प्रेशर कुकर शिट्टी का मारतो ते समजावून सांगायचो, आणि त्या बिचाऱ्या पन्नास वर्षं कुकर लावूनही ऐकून घ्यायच्या. एका रविवारी जेवताना त्या सहज म्हणाल्या, "बाकी सगळं बरं आहे इथं, पण बाजारच्या शेवग्याच्या शेंगा म्हणजे नुसत्या काड्या हो जावईबापू. आमच्या अंगणातल्या शेंगेची भाजी केली ना, तर माणूस ताटातून उठत नव्हता."

दुसऱ्या दिवशी मी त्यांच्यासमोर अकरा शेंगा ठेवल्या. हिरव्यागार, गरदार, हातभर लांब.

"कुठून आणल्या?" त्यांनी एक शेंग वाकवून बघत विचारलं.

"बाजारातून," मी म्हणालो. "सुरंगी गावची एक बाई सकाळी सकाळी येऊन बसते, तिच्याकडून."

(या वाक्याकडे आपल्याला परत यायचं आहे. मला यायचं नव्हतं, पण यावं लागलं.)

शेंगांची भाजी झाली. मी ताटातून उठलो नाही. सासूबाई खुश, नीता खुश, आणि आपल्यासारखा जावई शोधूनही सापडायचा नाही अशा आनंदात मी दुपारी एक तास झोपलो. मंगळवारी सासूबाई म्हणाल्या, "जावईबापू, त्या सुरंगीच्या बाईकडे मला घेऊन चला. चोपड्याला न्यायला शेंगा घेते, आणि बियांचं पण विचारते."

आता काय करणार? गाडी काढली. सासूबाई पुढे माझ्या शेजारी बसल्या, कारण मागच्या सीटवर त्यांचा गुडघा मावत नाही. दार जरा जड लागलं, म्हणून मी ते बाहेरून आपटून बसवलं. बाजारात मी गाडी उभी केली आणि म्हणालो, "बाई दिसत नाही आज." सासूबाई म्हणाल्या, "उतरून तर बघू." त्या उतरल्या. सगळी रांग फिरून आल्या, चार भाजीवाल्यांना विचारून आल्या, सुरंगीची कोणी बाई इथे कधी बसतच नाही अशी माहिती घेऊन आल्या, गाडीत बसल्या आणि त्यांनी दार ओढलं.

दार लागलं. म्हणजे लागल्यासारखं झालं. मागची कड बोटभर बाहेर राहिली आणि गाडी टुंग टुंग वाजायला लागली.

"जरा जोरात ओढा, आई."

त्यांनी जोरात ओढलं. टुंग टुंग.

मी उतरलो, वळसा घालून गेलो, बाहेरून दार आपटलं. टुंग टुंग. मग नीट बघितलं. दार मागच्या कडेला खाली बसलं होतं. दारावरची जी रेघ गाडीच्या अंगावरच्या रेघेला सरळ मिळायला हवी, ती अर्धा इंच खालून चालली होती. आणि सासूबाई दारापाशीच बसलेल्या असताना माझ्या तोंडून निघून गेलं, "उतरताना तुम्ही दाराला धरून उठलात का?"

"उठले असेन. का हो?"

"नाही, तसं नाही... पण दाराला लोंबकळलं की असं होतं."

लोंबकळलं! पासष्टीच्या, गुडघा बदललेल्या बाईला मी लोंबकळायला लावलं. बाजारापासून टोकरखाड्यातल्या आमच्या घरापर्यंत त्या एक शब्द बोलल्या नाहीत. बोलत होती ती फक्त गाडी, आणि तिचं एकच चाललं होतं, टुंग टुंग.

इथवर झालं ते एखाद्या चहाने निस्तरलं असतं. पण संध्याकाळी नीताने मला बाजूला घेऊन विचारलं, "आईला काय बोललात तुम्ही?" आणि मी म्हणालो, "बोललो नाही, शास्त्रीय कारण सांगितलं." मग ते तिला पटवण्यासाठी सहामाहीच्या एका पाठकोऱ्या पेपरावर मी आकृती काढली. दार म्हणजे तरफ. बिजागरी म्हणजे टेकू. आणि दाराच्या टोकाला खाली जाणारा बाण, त्याच्याशेजारी, सुवाच्य अक्षरात: 'भार (आई) = अंदाजे ७५ कि.ग्रॅ.'

आकृती नावं-खुणांसह काढली की पूर्ण गुण मिळतात असं मी मुलांना नेहमी सांगतो.

"पंच्याहत्तर?" मागून आवाज आला. सासूबाई पाणी प्यायला आल्या होत्या.

"अंदाजे," मी म्हणालो.

त्यांनी पाण्याचा पेला खाली ठेवला. "नीता, रविवारच्या गाडीचं तिकीट काढ माझं. पंच्याहत्तर किलोचं काढ." आणि खोलीत जाऊन त्यांनी बॅग भरायला घेतली. नीता भांडली असती तर परवडलं असतं. तिने तो आकृतीचा कागद शांतपणे घडी घालून आपल्या पर्समध्ये ठेवला, आणि त्यानंतर ती माझ्याशी फक्त मीठ आणि गॅस या दोन विषयांवर बोलायला लागली.

मला खरंच वाईट वाटलं. चार वर्षांनी आलेली आई आठ-दहा दिवसांत परत चालली होती, आणि ती कशामुळे? एका दारामुळे आणि एका बाणामुळे. माफी मागावी हे मला सुचलं नाही असं नाही. पण त्याआधी मला वाटलं, दार दुरुस्त केलं तर प्रश्नच मिटेल! बुधवारी शाळेतून येऊन मी पान्याचा डबा काढला.

आमच्या सोसायटीत गाड्या झाडाखाली लागतात आणि झाडाच्या अगदी समोर, तळमजल्यावर, सेक्रेटरी हसमुखभाई राहतात. ते त्यांच्या खिडकीत बसून सोसायटी चालवतात. मी दार पहिल्यांदा आपटलं तेव्हाच खिडकीतून आवाज आला, "सर, शुं थयुं?"

"काही नाही, दार बसत नाही."

"तेल मारो."

तेल मारलं. दार आता अजिबात आवाज न करता उघडं राहायला लागलं.

मग मी विचार केला की दाराचं कुलूप जिथे अडकतं ती खांबावरची कडी खाली सरकवली, तर खाली बसलेलं दार तिच्यात बरोबर अडकेल. विचार उत्तम होता. कडीचे दोन्ही स्क्रू मी सैल केले. ती आधी नेमकी कुठे होती याची पेन्सिलीने खूण करून ठेवायची असते. मुलांकडून साध्या प्रयोगातही मी आधी मोजमाप लिहून घेतो. खूण केली नाही. कडी खाली सरकवली, दार लावलं, आणि खट्! लागलं!

मी हसमुखभाईंच्या खिडकीकडे बघून अंगठा दाखवला. त्यांनीही दाखवला. मग मी दार उघडायला गेलो.

ते उघडेना. बाहेरून उघडेना, आतून उघडेना. शेवटी ड्रायव्हरच्या बाजूने आत शिरून, सीटवर आडवं पडून, दोन्ही पायांनी लाथ मारली तेव्हा ते उघडलं, आणि त्यानंतर पुन्हा कधीच लागलं नाही. सकाळी बोटभर उघडं राहणारं दार संध्याकाळी वीतभर उघडं राहायला लागलं. नीताने वरून कपडे वाळत घालायची दोरी खाली टाकली. मी दार सीटच्या पट्ट्याला बांधून ठेवलं.

गुरुवारी मी शाळेत तसाच गेलो, दोरी बांधलेली, गाडी टुंग टुंग करत. फाटकाशी मुलं ओळीने उभी राहून बघत होती. शाळेचे शिपाईकाका म्हणाले, "सर, बैल आणलाय का?" त्या दिवशी नववीला नेमका तरफेचा धडा होता. मी तो घाईघाईने पुढे ढकलला.

शुक्रवारी संध्याकाळी मी शेवटचा उपाय म्हणून दाराखाली जमिनीवर आडवा झालो. बिजागरी खालून बघायची होती. खालची बिजागरी मला दिसली, तिच्या बुडाशी पत्रा किंचित वाकला होता. ही थोड्या वजनाची गोष्ट नव्हे. चांगलं भरभक्कम ओझं दाराच्या टोकावर काही वेळ राहिलं असलं पाहिजे. मी मनातल्या मनात सासूबाईंना पंच्याहत्तरवरून ऐंशीवर नेलं. मग मान जरा वळवली, दाराच्या वर बघितलं, आणि मला वर शेवगा दिसला.

आमच्या सोसायटीचा शेवगा. ज्या झाडाखाली गाडी लागते तो!

आता त्या वाक्याकडे परत येतो. सुरंगीची बाई नव्हतीच. बाजारात मी गेलोच नव्हतो. सोमवारी पहाटे, हसमुखभाईंची खिडकी उघडण्याआधी, मी खाली आलो होतो. आमच्या शेवग्याच्या शेंगा सगळ्यांच्या मालकीच्या असतात. त्या तयार झाल्या की एका रविवारी हसमुखभाई स्वतः आकडीने काढतात, सोळा सारख्या जुड्या करून दोऱ्याने बांधतात आणि जिन्यात ओळीने मांडतात. आकडी एरवी त्यांच्या कुलपात असते. शेवग्यावर चढता येत नाही, फांदी काडीसारखी मोडते हे कोकणातल्या माणसाला सांगावं लागत नाही. म्हणून मी गाडीचं डावं दार उघडलं, एक पाय उंबऱ्यावर ठेवला, दुसरा दाराच्या हाताच्या टेकणीवर ठेवला, आणि अकरा शेंगा तोडल्या. दोन मिनिटं लागली असतील. फार तर पाच. शाळेच्या आरोग्य तपासणीत गेल्याच महिन्यात माझं वजन अठ्ठ्याऐंशी भरलं होतं.

आणि झाडाला खिळ्याने ठोकलेली पाटी माझ्या नाकासमोर होती: 'शेंगा हे सर्व सभासदांचे सामाईक धन आहे. परवानगीवाचून तोडणाऱ्यास समज देण्यात येईल.' मजकूर हसमुखभाईंचा. अक्षर माझं. सोसायटीत सगळ्या पाट्या मीच लिहितो, कारण माझं अक्षर चांगलं आहे.

मी जमिनीवर पडल्या पडल्या दोन गोष्टी ठरवल्या. सासूबाईंची माफी मागायची, आणि कारण सांगायचं नाही. आता गॅरेजमध्ये गुपचूप गाडी नेऊन टाकावी म्हणून मी वर गेलो, तर नीता त्या दिवसातलं पहिलं पूर्ण वाक्य बोलली. "उद्या पाटीलभाऊ येतायत. मी सांगितलंय त्यांना."

पाटील आमच्या वरच्या मजल्यावर राहतात. मूळचे अमळनेरकडचे, इथे प्लास्टिकच्या कारखान्यात क्वालिटीला. कारखान्यात माल खराब निघाला की कुणावर ओरडायचं नसतं. एक छापील फॉर्म घ्यायचा, बिघाड वर लिहायचा आणि 'का?' असं पाच वेळा विचारायचं. प्रत्येक उत्तराला पुन्हा 'का?' पाचव्याला खरं कारण हाती लागतं. तिकडे त्याला व्हाय-व्हाय म्हणतात. पाटील हा फॉर्म कारखान्यापुरता ठेवत नाहीत. त्यांनी घरात दूध उतू गेलं तेव्हाही भरला होता. (पाचवं कारण: पाटील फोनवर होते.)

शनिवारी दुपारी पहिली पाळी संपवून पाटील क्लिपबोर्ड घेऊन खाली आले. सासूबाई खुर्ची टाकून बसल्या होत्या. त्यांची भरलेली बॅग वर दारात होती. हसमुखभाई खिडकीतून उठून चक्क बाहेर आले. मी म्हणालो, "पाटील, फॉर्म कशाला? दोन बोल्ट सैल करा, दार उचला, आवळा. झालं."

"नाही ना सर. कारण कळल्याशिवाय पान्याला हात नाही लावायचा. आज सुधरून दिलं आणि उद्या पुन्हा तेच झालं, तर?"

"होणार नाही पुन्हा," मी जरा जास्तच खात्रीने म्हणालो.

पाटलांनी माझ्याकडे बघितलं. मग पेन माझ्या हातात दिलं. "तुम्हीच लिहा सर. माझं अक्षर काही वाचता येत नाही. पहिला का. दार बंद का होत नाही?"

"खाली बसलंय म्हणून." मी लिहिलं.

"खाली का बसलं?"

"बिजागरी वाकली."

"का वाकली?"

"वजन पडलं," मी म्हणालो आणि सासूबाईंकडे बघायचं टाळलं.

"आता चौथा. वजन कुणाचं आणि का पडलं?" पाटील सासूबाईंकडे वळले. "मावशी, तुम्ही गाडीतून उतरता कशा, एकदा दाखवाल का? राग नका मानू."

"राग कशाला मानू? माझं वजन तर कागदावर मांडलंय." सासूबाई गाडीत बसल्या. आणि उतरल्या. आधी दोन्ही पाय बाहेर काढून जमिनीवर ठेवले, मग दोन्ही तळहात मांडीवर दाबले आणि सावकाश उभ्या राहिल्या. दाराला हात लागला तो उभं राहून झाल्यावर, दोन बोटांचा. "ऑपरेशनच्या डॉक्टरने असंच शिकवलं आहे. हाताने ओढून उठायचं नाही म्हणे. चार वर्षं मी अशीच उठते आहे. जावईबापू शेजारीच असतात, पण त्यांचं लक्ष आरशात असतं."

"म्हणजे मावशी नाही," पाटील म्हणाले. "मग कोण?"

सांगून टाकायचं असं मी मनाशी म्हणतही होतो. पण समोर हसमुखभाई होते, पाटी होती, आणि एकोणीस वर्षांची माझी अब्रू होती. तेवढ्यात पाटील दाराशी वाकले. त्यांनी हाताच्या टेकणीवरून बोट फिरवलं. "इथं तडा आहे. आणि हा ठसा बघा. रबरी चपलेचा. उजव्या पायाचा." मग दाराच्या खालच्या कप्प्यात हात घालून त्यांनी चिमूटभर सुकलेली बारीक गोल पानं काढली. "हे काय आहे? मेथी?"

"आणा इकडे," सासूबाई म्हणाल्या. त्यांनी पानं तळहातावर घेतली, नाकाशी नेली. जन्मभर शेवग्याच्या पाल्याची भाजी केलेल्या बाईला तेवढं पुरे होतं. त्यांनी मान वर करून झाडाकडे बघितलं. मग माझ्या पायातल्या रबरी चपलेकडे बघितलं. मग शांतपणे म्हणाल्या, "तरीच म्हटलं. बाजारची शेंग जुडीने येते, दोऱ्याने बांधलेली. तुमच्या शेंगा सुट्या होत्या, आणि दोन शेंगांच्या देठाला पान होतं. सुरंगीची बाई जावईबापूच निघाले की."

"शेंगो?" हसमुखभाई म्हणाले. "आपणा सरगवानी?" त्यांनी बोटाने शेवगा दाखवला. "कितनी?"

"अकरा," मी म्हणालो.

"अने बोर्ड किसने लिखा?"

सगळ्यांनी मिळून बोर्ड वाचला.

तेव्हा नीताने पर्स उघडली. चार दिवस घडी घातलेला तो कागद काढला, माझ्या हातातलं पेन घेतलं, 'आई' वर काट मारून 'स्वतः' लिहिलं, पंच्याहत्तरवर काट मारून अठ्ठ्याऐंशी लिहिलं आणि कागद पाटलांच्या क्लिपबोर्डला लावला. पाटलांनी आकृती निरखून बघितली. "आता बरोबर आली," ते म्हणाले. "एकदम क्लिअर."

आता माझ्याकडे लपवायला काही उरलं नव्हतं. मी सासूबाईंच्या खुर्चीसमोर जाऊन उभा राहिलो. "आई, चुकलो मी. तुम्हाला शेंगा आवडतात म्हणून तोडल्या होत्या. आणि दार मोडलं ते तुमच्यावर ढकललं. मला काल कळलं तरी गप्प बसलो. फार वाईट वागलो."

त्यांनी पदर तोंडाला लावला. मला वाटलं, रडतायत. त्या हसत होत्या. खुर्ची हलत होती एवढ्या हसत होत्या. "अहो, अठ्ठ्याऐंशी किलोचा बुवा दारावर चढला," त्या कशाबशा म्हणाल्या, "तो कोणासाठी? तर माझ्यासाठी! आमच्या यांनी जन्मात कधी स्टुलावर चढून डबा काढून दिला नाही मला." नीतालाही हसू फुटलं. ती चार दिवसांनी हसली, आणि मला भूक लागल्याचं आठवलं.

"आता पाचवा का," पाटील म्हणाले. त्यांचं काम अर्धवट राहत नाही. "सर दारावर का चढले?"

"मला शेंगा हव्या होत्या म्हणून," सासूबाई म्हणाल्या. मी लिहायला लागलो, तेवढ्यात त्यांनी हात वर केला. "थांबा. ते खरं कारण नाही. आकडी मागता आली असती. हसमुखभाई नाही म्हणाले असते का?"

"कदी नाय," हसमुखभाई म्हणाले.

"काठीला विळा बांधता आला असता. मला सांगितलं असतं तर मी बांधून दिला असता. आणि दार बिघडल्यावर आधी स्वतःकडे बघता आलं असतं, कागद घ्यायच्या आधी. मी सांगते तसं लिहा." आणि मी, माझ्या सुवाच्य अक्षरात, पाचव्या रकान्यात त्या सांगतील ते लिहून घेतलं.

मग पाटलांनी पान्याला हात लावला. कडी पुन्हा वर घेतली (तिथे तिच्या जुन्या जागेची पुसटशी खूण मुळातच होती, मला दिसली नव्हती), दाराखाली लाकडाचा ठोकळा आणि जॅक लावला, बिजागरीचे बोल्ट सैल केले, दार केसभर केसभर वर उचललं, रेघेला रेघ मिळवली आणि बोल्ट आवळले. वीस मिनिटं लागली. माझ्याकडे फक्त ठोकळा धरायचं काम होतं. सासूबाईंनी खुर्चीवरून हात लांब करून एका बोटाने दार ढकललं. खट्. टुंग टुंग थांबलं. शेवग्यावरचे कावळेसुद्धा गप्प झाल्यासारखे वाटले.

रविवारी बॅग खाली आली नाही. आम्ही दादऱ्याला तळ्यावरच्या बागेत गेलो. बागेच्या फाटकाशी सासूबाईंनी पाय बाहेर काढले, मग मुद्दाम दार दोन्ही हातांनी धरलं, पूर्ण भार टाकून उभ्या राहिल्या आणि माझ्याकडे बघितलं. मी म्हणालो, "धरा आई, घट्ट धरा." महिन्यासाठी आलेल्या त्या दीड महिना राहिल्या. शेंगांच्या वाटपाच्या रविवारी जिन्यात पंधरा जुड्या मांडल्या गेल्या. सोळावी हसमुखभाईंनी स्वतः वर आणून सासूबाईंच्या हातात दिली, माझ्या हातात नाही.

तो फॉर्म पाटलांनी प्लास्टिकमध्ये घालून झाडावर, माझ्याच पाटीच्या खाली लावला आहे. येणारा-जाणारा तो थांबून वाचतो. पाचवा का: सर दारावर का चढले, आणि खापर दुसऱ्यावर का फोडलं? उत्तर: 'कारण जावईबापूंना विज्ञान येतं.'

सोळाच्या सोळा बिऱ्हाडांचं एका गोष्टीवर मात्र एकमत आहे. अक्षर फार सुरेख आहे.